विश्लेषण : डिकीवरचा सायकल रॅक स्वस्त आणि सोयीचा, पण नंबरप्लेटचे काय?

मोटारीच्या डिकीला पट्ट्यांनी बांधायचा साधा रॅक काही हजार रुपयांत मिळतो. गिरगाव, दादर, परळ, लालबागमधील सायकलप्रेमींसाठी तो सोयीचा आहे. मात्र, तो वापरणारा माणूस नकळत नियमभंग करत असण्याची शक्यता मोठी आहे. यात दोष एकट्या वापरणाऱ्याचा नाही.

सायकल मोटारीवर न्यावी का लागते?

कारण शहराबाहेर पडणारे वेगवान रस्ते सायकलला बंद आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू (२००९), पूर्व मुक्त मार्ग (२०१३), अटल सेतू आणि किनारी रस्ता (दोन्ही २०२४) यांपैकी एकावरही सायकल चालवता येत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही बंदीच आहे. उरणच्या किंवा कर्जतच्या मोकळ्या रस्त्यावर सायकल चालवायची, तर आधी सायन किंवा वांद्र्याच्या गर्दीतून ट्रक-बसच्या बाजूने वाट काढावी लागते. गर्दीच्या लोकलमध्ये सायकल चढवण्याचा विचारही नको. अलिबागपुरता एक सुखद अपवाद आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत सायकल चढवता येते. लालबागहून धक्का जवळ असल्याने तिथे मोटारीची गरजच नाही. बाकी ठिकाणी मोटार आलीच.

मग डिकी रॅकच का?

टपावरच्या रॅकवर सायकल ठेवली की उंची मीटरभराने वाढते. परळ-लालबागच्या नव्या टॉवरमधील यांत्रिक पार्किंगमध्ये किंवा इमारतीच्या कमानीखाली अशी गाडी जात नाही. मोटारीच्या खालच्या सांगाड्याला जोडायचा रॅक महाग पडतो, शिवाय आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना त्यासाठीची जोडणी नसते. डिकी रॅक मात्र घडी करून पलंगाखाली सरकवता येतो. ज्याची गाडी रस्त्यावर उभी राहते आणि घर दोन खोल्यांचे आहे, त्याच्यासाठी ही मोठी सोय. तरीही एकच सायकल न्यायची असेल, तर आधी मागची सीट पाडून, दोन्ही चाके काढून ती आत बसते का, हे पाहावे. त्यात खर्च नाही आणि धोकाही नाही.

बांधताना चुका कुठे होतात?

पहिली चूक वजनाची. बहुतेक स्वस्त रॅकची मर्यादा एका सायकलमागे १५ किलोच्या आसपास असते. गिअरची साधी सायकल त्यात बसते, पण जुनी लोखंडी किंवा बॅटरीवरची सायकल बसत नाही. दुसरी चूक हुकांची. हूक डिकीच्या पत्र्याच्या कडेला अडकवायचे असतात. प्लास्टिकच्या स्पॉयलरवर किंवा काचेच्या कडेवर ताण आला, तर ते तडकू शकतात. म्हणून आपल्या गाडीचे मॉडेल रॅकच्या यादीत आहे का, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे. तिसरी चूक म्हणजे एकदा आवळले की झाले, असे समजणे. खड्डे आणि गतिरोधकांवर पट्टे सैल होतात. चार-पाच किलोमीटरवर थांबून ते पुन्हा ओढावेत, सुटी टोके गाठ मारून ठेवावीत आणि सायकलचे चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना, हे बघावे. डिकी पुसून मगच रॅक लावावा, नाहीतर गादीखालची धूळ रंग खरवडते.

कायदा काय म्हणतो?

खरी अडचण इथे आहे. मोठ्या माणसाची सायकल साधारण १७० ते १८० सेंटिमीटर लांब असते. वॅगन-आरची रुंदी १६२ सेंटिमीटर आहे, स्विफ्टची १७३.५. म्हणजे आडवी टांगलेली सायकल छोट्या गाडीच्या बाहेर डोकावतेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या तरतुदीनुसार, गाडीच्या बाजूंबाहेर येणाऱ्या सामानासाठी २० हजार रुपये दंड आहे. पुढचे चाक काढून गाडीत ठेवले, तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

नंबरप्लेटचा प्रश्न मात्र तसा सुटत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती स्पष्ट दिसलीच पाहिजे. ब्रिटनमध्ये अशा वेळी रॅकवर दिवे असलेली जादा पाटी लावावी लागते. आपल्याकडे उच्च सुरक्षा नंबरप्लेट एकदाच बसणाऱ्या कुलपाने गाडीला जखडलेली असते. ती काढून रॅकवर लावता येत नाही आणि घरी रंगवलेली दुसरी पाटी तिची जागा घेऊ शकत नाही. ज्या गाडीची प्लेट डिकीच्या मधोमध आहे, तिच्या मालकाने नेमके काय करायचे?

मग मार्ग काय?

वापरणाऱ्याने आपल्यापुरते तीन नियम पाळावेत. रॅक बांधल्यावर दहा पावले मागे जाऊन प्लेट, ब्रेकचे दिवे आणि इंडिकेटर दिसतात का, हे पाहावे. दिसत नसतील, तर तो रॅक त्या गाडीसाठी नाही, असे समजावे. मुक्कामी पोहोचल्यावर रिकामा रॅक उतरवून ठेवावा.

परिवहन खात्यानेही हात झटकू नयेत. नंबरप्लेट झाकलेली गाडी कॅमेऱ्याला ओळखता येत नाही. अपघात करून पळणाऱ्याला त्याचा फायदा होतो, म्हणून हा नियम शिथिल करा, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या अधिकृत व्यवस्थेतून उच्च सुरक्षा प्लेट मिळते, तिथूनच रॅकसाठी नोंदणीकृत तिसरी प्लेट देता येईल. दिव्यांच्या पट्टीचे मापही ठरवून देता येईल. शहरातून बाहेर पडणारे रस्ते सायकलला बंद करायचे, आणि ती मोटारीवर नेणाऱ्यासाठी कायदेशीर वाटही आखायची नाही, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.