ज्ञानेंद्रियांचा पहिला पाठ

घरी आलेल्या पाहुण्यांसमोर तीन-चार वर्षांच्या बालकाला ‘ज्ञानेंद्रिये किती व कोणती?’ असा प्रश्न विचारावा, त्याने बोटे मोजीत ‘डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा’ असे बिनचूक उत्तर द्यावे आणि सर्वांनी कौतुकाने माना डोलवाव्यात, हा प्रकार पुष्कळ घरांत पाहावयास मिळतो. कौतुक करण्यास हरकत नाही. परंतु त्या बालकाला ज्ञानेंद्रियांविषयी काही समजले आहे, असे मात्र त्यावरून मानता येत नाही. लोहमार्गावरील स्थानकांची नावे ओळीने पाठ असणे निराळे आणि त्या मार्गाने प्रवास केलेला असणे निराळे. ज्ञानेंद्रियांचा पाठ हा नावांचा पाठ नसून पारखण्याचा पाठ आहे. तो शाळेपूर्वीच्या वयात, घरातल्या वस्तूंनी आणि घरच्या भाषेत शिकवावयाचा असतो, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

हे मत मांडण्याचे प्रयोजन लहान मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या संचांनी निर्माण केले आहे. रंगीत पेटीत प्लास्टिकचा आंबा, प्लास्टिकचे केळे, फुलाचे चित्र आणि ‘मी नाकाने वास घेतो’ असे वाक्य छापलेला पुठ्ठा असतो. त्या आंब्याला वास नाही, वजन नाही, देठाशी चीक नाही, आणि तो पिकत नाही की नासत नाही. ज्या वस्तूत इंद्रियांना पारखण्याजोगे काहीच उरलेले नाही, तिच्याद्वारे इंद्रियांचा परिचय करून देणे हा विचित्र उद्योग होय. तरीही आईबापांना वाटते की, आपण पैसे खर्च केले म्हणजे शिक्षणही झाले.

बालशिक्षणाच्या इतिहासाकडे पाहिले, तर या समजुतीला फारसा आधार सापडत नाही. इटार व सेगँ या फ्रेंच वैद्यांच्या कार्यातून प्रेरणा घेऊन मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले आणि इंद्रियशिक्षणाची साधने सिद्ध केली. त्या साधनांमागील तत्त्व साधे होते. एका वेळी एकच फरक मुलापुढे ठेवावयाचा. रंग पारखावयाचा असेल, तेव्हा आकार व वजन सारखेच ठेवावयाचे आणि वजन पारखावयाचे असेल, तेव्हा आकार व रंग सारखे ठेवावयाचे. साधन लाकडाचे आहे की आणखी कशाचे, हा प्रश्न गौण होता.

हे गौणत्व ओळखण्याचे काम महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केले. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी पाड्यांत माँटेसरीची महागडी साधने पोहोचणे शक्य नव्हते. तेव्हा शंखशिंपले, खडे, बिया, पाने आणि फुले हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच बालवर्ग त्यांच्या अंगणात नेण्यात आला. अंगणवाडी हे नाव या प्रयोगाशी जोडले गेले, आणि १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ते देशभर परिचित झाले. समुद्रकाठच्या शिंपल्यांनी जे साधले, ते आपल्या स्वयंपाकघरातील डब्यांनी साधणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. एकाच आकाराच्या, बाहेरून आतले न दिसणाऱ्या सहा लहान डब्या घ्याव्यात. दोन डब्यांत तांदूळ, दोहोंत वाटाणे आणि दोहोंत वाळू भरून त्या घट्ट बंद कराव्यात. मुलाने त्या हलवून सारख्या आवाजाच्या जोड्या लावाव्यात. येथे डोळ्यांना काही काम नाही. सारा भार कानांवर आहे. तशाच डब्यांत जिरे, सुंठ, वेलदोडा व कोथिंबीर ठेवून वर पातळ फडके बांधले म्हणजे नाकाचा पाठ तयार होतो. कापडी पिशवीत वाटी, चमचा, लिंबू आणि लोकरीचा गुंडा घालून मुलाने न पाहता हाताने वस्तू ओळखावी, हा स्पर्शाचा पाठ झाला. प्रत्येक वेळी ‘हे काय आहे?’ एवढेच न विचारता ‘हे त्याच्यासारखे आहे की निराळे? निराळे असेल तर कशाने?’ असे विचारावे. विज्ञानाचा आरंभ या दुसऱ्या प्रश्नात आहे.

जिभेच्या बाबतीत मोठ्यांनाच काही गोष्टी नव्याने समजावून घ्याव्या लागतील. जिभेच्या टोकाला गोड, कडांना आंबट आणि मागे कडू अशी चव कळते, असा नकाशा अनेक वर्षे शालेय पुस्तकांत छापला जात असे. तो चुकीचा आहे. जिभेच्या निरनिराळ्या भागांच्या संवेदनक्षमतेत अल्प फरक असतात, असे हेनिग या जर्मन संशोधकाने १९०१ साली दाखविले होते. पुढे त्या अल्प फरकांचेच पक्के विभाग बनविले गेले. वास्तविक सर्व मूलभूत चवी जिभेच्या सर्व रुचिक्षेत्रांत कळतात. मुलाने जिभेच्या टोकावर कडू कारल्याचा थेंब ठेवून पाहिला, तर त्याला हा नकाशा तत्काळ खोटा ठरविता येईल.

आपल्या परंपरेने मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त व कषाय असे सहा रस सांगितले आहेत. आजचे शरीरशास्त्र गोड, आंबट, खारट, कडू आणि जपानी शास्त्रज्ञ इकेदा यांनी १९०८ साली ओळखलेली ‘उमामी’ अशा पाच चवी मानते. पिकलेल्या टोमॅटोच्या साराला जो भरीवपणा येतो, त्यात या पाचव्या चवीचा वाटा असतो. मग आपल्या तिखटाचे काय झाले? तिखट ही शास्त्रीय अर्थाने चव नव्हेच. मिरचीतील द्रव्य जिभेवरील ज्या ग्राहींना उत्तेजित करते, तेच ग्राही दाहक उष्णतेनेही जागे होतात. हा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक आर्डेम पातापुत्यान यांच्यासमवेत मिळाले. म्हणजे मिरची लागलेले मूल ‘भाजलं, भाजलं’ म्हणून रडते, तेव्हा ते आपल्या दृष्टीने बोबडे बोलत असले, तरी शास्त्राच्या दृष्टीने अगदी अचूक बोलत असते. तुरटपणाचेही असेच. आवळा किंवा कच्ची सुपारी यांतील द्रव्ये लाळेतील प्रथिनांना बांधून टाकतात आणि तोंड आवळल्यासारखे होते. त्यात स्पर्शाचा भाग मोठा आहे.

चव व वास यांची सांगड दाखविणारा एक प्रयोग विशेष करून पाहावा. वेलदोड्याची पूड मिसळलेली चिमूटभर साखर मुलाच्या जिभेवर ठेवावी आणि त्याला नाक चिमटीत धरावयास सांगावे. त्याला केवळ गोड लागेल. नाक सोडताच तोंडात वेलदोडा प्रकट होईल. तो जिभेवर आधीपासून होताच. परंतु त्याची ओळख तोंडाच्या मागील वाटेने नाकात जाणाऱ्या वासाने पटते. येथे भाषांतरकार या नात्याने एक सूचना करावीशी वाटते. जिभेला जी कळते ती ‘चव’ आणि जीभ व नाक मिळून जो अनुभव येतो तो ‘स्वाद’, असा भेद आपण विज्ञानलेखनात कटाक्षाने पाळावा. शब्द घरचेच आहेत. त्यांना कामाची नीट वाटणी करून दिली की पुरे.

इंद्रिये सत्य सांगतात, पण ते तुलनेने सांगतात, हेही मुलाला कळू शकते. तीन वाट्यांत गार, कोमट आणि सोसेल इतके ऊन पाणी घ्यावे. एक हात गार पाण्यात आणि दुसरा ऊन पाण्यात थोडा वेळ ठेवून मग दोन्ही हात कोमट पाण्यात घालावेत. तेच पाणी एका हाताला ऊन आणि दुसऱ्याला गार लागते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकात याच अनुभवाची चर्चा केली होती. तसेच हातात दोन लिंबे असताना तिसरे ठेवले तर लगेच कळते. परंतु बटाट्यांनी भरलेल्या पिशवीत एक लिंबू टाकले तर कळत नाही. वजनातील किती फरक जाणवेल, हे मूळ वजनाच्या प्रमाणावर अवलंबून असते, हे वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३४ साली मांडले. बालकाला वेबरचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही. लिंबू पुरेसे आहे.

आणि इंद्रिये पाचच आहेत, असा आग्रह तरी कशाला धरावा? डोळे मिटूनही आपला हात कोठे आहे, हे आपल्याला कळते. ही जाणीव स्नायू व सांधे देतात. गरगर फिरून थांबल्यावर घर फिरते, ते अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियामुळे. पाचांची यादी ही मोजदादीची सोय आहे. निसर्गाने त्या आकड्यावर शिक्कामोर्तब केलेले नाही. मुलाने ‘मग तोल कोणत्या इंद्रियात?’ असे विचारले, तर यादी अपुरी पडली म्हणून खंत न करता त्याचे अभिनंदन करावे.

दिल्लीसारख्या महानगरात हे सारे कसे जमावे, अशी शंका घेतली जाते. पूर्वी कर्झन रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कस्तुरबा गांधी मार्गावर आज उंच कार्यालये आहेत, वाहनांची अखंड रहदारी आहे आणि २०१३ पासून महाराष्ट्र सदनाची नवी वास्तूही आहे. तथापि याच मार्गावरून हेली रोडकडे वळले की थोड्याच अंतरावर अग्रसेनची बावली लागते. तिच्या पायऱ्यांशी मुलाचा हात धरून उभे राहावे. रस्त्याचा गोंगाट मंदावतो, दगड हाताला गार लागतो, पारव्यांची फडफड भिंतींवर आपटून परत येते आणि बंदिस्त जागेचा कुबट वास नाकाशी येतो. ज्या शहरात थंडीच्या आरंभी धुरकट हवेने डोळे चुरचुरतात, तेथे तर नाकाने व डोळ्यांनी हवा पारखण्याची सवय नागरिकत्वाचाच भाग मानावी लागेल.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने या पाठाला आणखी एक महत्त्व आहे. मूल अंगणात हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलते. मराठी उरते ती घरात. खमंग, खवट, कुबट, करपट. लुसलुशीत, खरखरीत, बुळबुळीत. मचूळ, अळणी, सपक. किणकिण, खुळखुळ, सळसळ हे शब्द पाठ्यपुस्तकातून येणार नाहीत. ते शेंगदाणे भाजताना, जुने तूप हुंगताना आणि भाजीत मीठ विसरले असताना येतात. शब्द मिळाला म्हणजे फरक ध्यानात राहतो, आणि फरक ध्यानात राहिला म्हणजे तो पुन्हा शोधता येतो. हे शब्द एका पिढीत बोलले गेले नाहीत, तर पुढील पिढीला ते कोशात पाहावे लागतील. आणि खवटपणा कोशात हुंगता येत नाही.

‘मूल आपोआप पाहते, ऐकते, त्यात शिकवावयाचे काय?’ असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप निराधार नाही. या खेळांनी डोळे अधिक तेज होतात किंवा बुद्धी वाढते, असा दावा आम्ही करीत नाही. वाढते ते अवधान. दुसरा आक्षेप वेळेचा आहे. नोकरी करणाऱ्या आईबापांना तो खरोखरीच कमी असतो. परंतु येथे निराळा वेळ काढावयाचा नाही. डाळ निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना मुलाला जवळ बसवावयाचे आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एक तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये आणि त्याहून कमी बसल्यास उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुचविले आहे. पडद्यावरील आंब्यालाही वास नसतोच.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. वाटाणे, हरभरे, शेंगदाणे असे दाणे लहान मुलाच्या हाती मोकळे देऊन दूर जाऊ नये. ते श्वासनलिकेत, नाकात किंवा कानात अडकू शकतात. ऊन पाणी प्रथम मोठ्यांनी स्वतः पाहावे. अनोळखी पदार्थ चाखण्याची सवय लावू नये. डोळ्यांवर पट्टी बांधण्यास मूल भीत असेल, तर पिशवीचाच खेळ खेळावा. या खेळांतून कधी एखादी गंभीर गोष्टही उघडकीस येते. मूल वारंवार डब्यांचे आवाज ओळखण्यात चुकत असेल, चित्र अगदी डोळ्यांजवळ नेत असेल किंवा लाल-हिरव्यात गोंधळत असेल, तर त्याला आळशी अथवा हट्टी ठरवू नये, वैद्यांना दाखवावे. लाल-हिरव्याचा भेद न कळण्याचा जन्मजात दोष मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक आढळतो. शाळेत जाण्यापूर्वी असा दोष कळला, तर पुढील कित्येक वर्षांची बोलणी आणि शिक्षा टळतात.

बालवर्गाच्या शिक्षकांनी पालकसभेत ज्ञानेंद्रियांचा तक्ता वाटण्याऐवजी प्रत्येक घराकडून या आठवड्यात मुलाला सापडलेला एक वास आणि त्याचा शब्द मागवावा. सार्वजनिक वाचनालयांनी बालविभागात पुस्तकांच्या शेजारी आवाजाच्या सहा डब्या ठेवाव्यात. खर्च नगण्य आहे. पाच नावे मुले पुढेमागे पाठ करतीलच. ती पाठ करण्यापूर्वी त्यांनी वाळू आणि तांदूळ कानाने ओळखलेले असावेत, एवढीच अपेक्षा आहे.