गॅरेज ही शिक्षा नव्हे

मागच्या उन्हाळ्यात बीडला जाताना माझी जुनी डिझेल गाडी चालता चालता बंद पडली. ना धूर, ना इशारा. टोचन करून शिरूर कासारला परत आणली. उस्तादांनी कव्हर खोललं, तुटलेला टायमिंग बेल्ट माझ्या हातात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "सर, गाडी लिये तबीच बोल्या था मैं."

खरंच बोलले होते. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल, तर आधी बेल्ट बदला. मी म्हणालो होतो, "चालतीय ना, बघू पुढं." सहा-सात हजार वाचवले आणि हेड उतरवून वाकलेले व्हॉल्व्ह बदलण्यात पंचवीस हजारांवर घालवले. चूक माझीच. पण राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

त्या दिवशी गॅरेजात स्टुलावर बसून मी ते काम पाहिलं. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदाच फिरायला हवा. क्रँक मिनिटाला 2000 फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटात 1000 वेळा उघडतो आणि पिस्टन वर यायच्या आत मिटतो. हा ताल सांभाळतो तो रबराचा दातेरी पट्टा. बसवताना दोन्ही पुलींच्या खुणा जुळल्या पाहिजेत. एक दात इकडचा तिकडे झाला तरी ताल बिघडतो. उस्तादांनी टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलला, इंजिन हातानं दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासल्या, मगच चावी लावू दिली.

आता सांगा, हे काम 'ढ' पोराचं आहे?

समाजमाध्यमांवर मुसलमानाला हिणवायचं झालं की 'पंक्चरवाले' म्हणतात. त्यांना उत्तर देण्यात मला रस नाही. रस्त्यात गाडी बंद पडली की ते स्वतःच उस्तादांना फोन लावतात. माझं भांडण आपल्याशी आहे. आम्ही शिक्षक वर्गात काय म्हणतो? "अभ्यास कर, नाहीतर गॅरेजवर जाशील." मीही म्हटलंय. टोमणा मारणारा बाहेर जे म्हणतो, तेच आम्ही फळ्यासमोर उभं राहून म्हणतो. आणि जलशात मात्र छाती फुगवून सांगतो की 1206 साली अल-जझरीनं यंत्रांवर किताब लिहिला, त्यात कॅम होता, क्रँक होता! मग तोच क्रँक हातात घेणारा आपला पोरगा नापास कसा ठरतो?

दुसरी बाजूही ऐका. बारा वर्षांचं पोर गॅरेजवर पाने उचलायला लावणं हे हुनर शिकवणं नव्हे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे आणि त्याची जागा शाळेत आहे. काही जण म्हणतील, जुने उस्ताद कुठं शिकले होते? खरं आहे, त्यांचा हात सोन्याचा आहे. पण 1 एप्रिल 2020 पासून गाड्या बीएस-6 आल्या. बिघाड आता स्कॅनरच्या पडद्यावर कोड होऊन येतो आणि मॅन्युअल इंग्रजीत असतं. ज्याला वाचता येत नाही, तो आयुष्यभर दुसऱ्याच्या गॅरेजात पाने उचलेल.

म्हणून आई-बापांना म्हणणं आहे: दहावी होऊ द्या, मग आयटीआयचा दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा कोर्स, आणि त्याच्या जोडीला उस्तादांची सोहबत. उस्तादांना विनंती आहे: शागीर्दाला 'असं कर' सांगता, तसं 'का' तेही सांगा. बेल्ट बदलला की तारीख आणि किलोमीटर बिलावर लिहून द्या. गाडीवाल्यांनो, सुट्या भागाचे पैसे मुकाट देता आणि मजुरीवरच घासाघीस करता, हे बंद करा.

आणि आम्ही शिक्षकांनी गुणोत्तर शिकवताना एकदा पोरांना गॅरेजात न्यावं. दोनास एक म्हणजे काय, ते तिथं फिरताना दिसतं.

मी या जूनपासून ते वाक्य वर्गात बोलणं सोडलंय. तुम्हीही सोडा.