दिवा आपला, किल्ली कंपनीची

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर, सिंदखेडराजा परिसरातून एकाहून एक महागड्या मोटारी धावू लागल्या. त्यांच्या दिव्यांचा पांढराशुभ्र झोत पाहून कौतुक वाटते. पण हा दिवा फुटला तर पुढे काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. मालकीचा एक मोठा प्रश्न त्या दिव्यात दडलेला आहे.

ॲम्बॅसिडर किंवा फियाटचा दिवा गेला, तर गावातला मिस्त्री चार स्क्रू सैल करून नवा बसवी. मग गाडी भिंतीसमोर उभी करून, भिंतीवर खडूची रेघ ओढून झोत खालीवर करून देई. काम संपले! आजच्या उंची मोटारीतला ‘मॅट्रिक्स’ दिवा हे निराळेच प्रकरण आहे. त्यात अनेक छोटे एलईडी असतात. पुढच्या काचेमागचा कॅमेरा समोरून येणारे वाहन टिपतो आणि नेमका त्याच्यावर पडणारा उजेड तेवढा मंद केला जातो. हे सारे सांभाळणारा एक छोटा संगणक असतो. नवा दिवा बसवला की गाडीच्या इतर यंत्रणेशी त्याची ओळख करून द्यावी लागते. यालाच ‘कोडिंग’ म्हणतात. ती ओळख पटली नाही, तर नवाकोरा दिवा असूनही डॅशबोर्डवर दोषाची सूचना झळकत राहते. काही गाड्यांत तर कंपनीच्या दूरवरच्या सर्व्हरने होकार दिल्यावाचून ती पटतच नाही.

माझ्या परिचयाच्या खामगावच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या गाडीला रात्री रोही आडवा आला. माणसे बचावली, एक दिवा मात्र फुटला. गाडी ट्रकवर चढवून छत्रपती संभाजीनगरला न्यावी लागली. दिवा बसवू शकणारे हात खामगावात होते. परवानगी तेवढी नव्हती.

बँकेत असताना वाहनकर्जाची कितीतरी प्रकरणे माझ्या हातून गेली. कर्ज फिटेपर्यंत आरसी बुकावर बँकेच्या नजरगहाणाची नोंद असते. शेवटचा हप्ता भरला की बँक ‘फॉर्म ३५’वर सही करून देते, आरटीओत नोंद उतरते आणि गाडी खऱ्या अर्थाने घरची होते. आता दिव्याचे पाहा. रोख पैसे मोजून घेतलेल्या गाडीवरही कंपनीचे कुलूप कायम राहते आणि ते उतरवणारा कोणताही फॉर्म नाही. बँकेचा बोजा निदान कागदावर दिसतो. हा बोजा कुठेच लिहिलेला नसतो.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे, असे नाही. महागडे दिवे चोरीला जातात. कोडिंगमुळे चोरीच्या मालाची किंमत घटते. झोत चुकीचा बसला, तर समोरच्या चालकाचे डोळे दिपून अपघात होऊ शकतो. परंतु यावरून एवढेच सिद्ध होते, की काम शिकलेल्या माणसाने करावे. तो माणूस कंपनीचाच असावा, हे कसे सिद्ध होते?

हा प्रश्न आपल्या देशात विचारला गेलेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा त्यांच्यावरचा ठपका होता. पुढे त्यावर अपिले झाली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तर २०१२ साली मतदारांनीच कौल देऊन मोटार दुरुस्तीची माहिती खुली करायला लावली. आपल्या केंद्र सरकारनेही जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्या कक्षेत मोटारी आहेत, मोबाइल आहेत, घरगुती उपकरणे आहेत आणि शेतीची अवजारेही आहेत.

हे शेवटचे नाव वाचून आपण सावध व्हायला हवे. उंची मोटारी जिल्ह्यात मोजक्याच. ट्रॅक्टर मात्र गावोगावी आहेत. आज श्रीमंताच्या दिव्यात असलेला संगणक उद्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरात येणार, हे उघड आहे. अमेरिकेत ट्रॅक्टर दुरुस्तीच्या मक्तेदारीवरून तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये जॉन डियर कंपनीवर दावा गुदरला. ऐन पेरणीत ट्रॅक्टर परवानगीची वाट पाहत उभा राहिला, तर पाऊस काही थांबून राहत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रशिक्षित, नोंदणीकृत मिस्त्रीला वाजवी शुल्कात कोडिंगची साधने मिळावीत; आयटीआयमध्ये ते शिकवले जावे; आणि गाडी विकतानाच विक्रेत्याने कोणती दुरुस्ती बाहेर होणार नाही, हे लेखी द्यावे. आपणही गाडी घेताना मायलेजच्या आधी हा प्रश्न विचारावा. ज्या वस्तूचे पूर्ण पैसे आपण मोजले, तिची किल्लीही आपल्याच हाती असली पाहिजे.