विश्लेषण : रेम्ब्रांट मोबाइलवर आला, केकी मूस कधी येणार?

नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाने आपला खजिना जगभरातल्या मोबाइलवर मोफत खुला केला आहे. पाचोऱ्याहून रेल्वेने जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर, चाळीसगावात, एकेकाळी रेम्ब्रांटचेच नाव धारण केलेला एक बंगला आहे. त्यातील ठेवाही असाच खुला व्हायला हवा. तो का आणि कसा?

राइक्सम्युझियम काय आहे?

ॲमस्टरडॅममधील हे संग्रहालय म्हणजे डच कला आणि इतिहासाचे राष्ट्रीय भांडार. १८०० साली ते द हेग शहरात सुरू झाले, १८०८ मध्ये ॲमस्टरडॅमला आले आणि सध्याच्या इमारतीत १८८५ पासून आहे. संग्रह सुमारे दहा लाख वस्तूंचा. पण दालनांत एका वेळी मांडल्या जातात त्या आठ हजारांच्या आसपास. रेम्ब्रांटचे १६४२ मधील ‘द नाइट वॉच’ हे तिथले सर्वांत प्रसिद्ध चित्र. मुघल लघुचित्रे पाहून रेम्ब्रांटने रेखाटलेला शाहजहानही याच संग्रहात आहे.

सगळे मोफत का दिले?

दालनात एक टक्काही वस्तू मावत नसतील, तर उरलेल्या कोणासाठी जपायच्या, हा साधा प्रश्न होता. २०१२ मध्ये संग्रहालयाने सुमारे सव्वा लाख कलाकृतींची उत्तम दर्जाची छायाचित्रे संकेतस्थळावर टाकली. ती उतरवून घ्या, छापा, वापरा, पैसे नाहीत. आज ही संख्या कित्येक लाखांवर गेली आहे. २०२२ मध्ये तर ‘द नाइट वॉच’चे ७१७ अब्ज पिक्सेलचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यात रंगाला गेलेले बारीक तडेसुद्धा मोबाइलवर मोठे करून पाहता येतात.

याचा चाळीसगावशी संबंध काय?

कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) हे मुंबईत जन्मलेले पारशी कलावंत. इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेऊन ते चाळीसगावी परतले आणि रेल्वे स्थानकाजवळच्या बंगल्यात जवळपास पन्नास वर्षे राहिले. घराबाहेर ते क्वचितच पडले. ‘आशीर्वाद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या बंगल्याचे आधीचे नाव होते ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, प्रकाश हवा तसा पाडायचा आणि कॅमेऱ्यातून अख्खे निसर्गदृश्य उभे करायचे, ही त्यांची टेबल-टॉप छायाचित्रणाची हातोटी. शिवाय चित्रे, शिल्पे आणि जुन्या वस्तूंचा मोठा संग्रह.

पंजाब मेलने येणाऱ्या प्रेयसीची ते आयुष्यभर वाट पाहत राहिले, ही आख्यायिका खान्देशात बहुतेकांना ठाऊक असते. पण त्यांची दहा छायाचित्रे तरी डोळ्यांसमोर आणता येतील, असे किती जण सापडतील? कलावंताची गोष्ट लक्षात राहिली आणि कला मागे पडली, हे आपले अपयश आहे.

घाई कशासाठी?

फिल्म वाट पाहत नाही. त्या काळात सर्रास वापरली जाणारी ॲसिटेट फिल्म उष्णता आणि दमटपणाने खराब होते. तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो, ती आक्रसते. जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि लगेच पावसाळा येतो, तिथे हा धोका वेगळा सांगायला नको.

प्रतीचे मोल ‘द नाइट वॉच’नेच दाखवून दिले आहे. १७१५ मध्ये नव्या जागी बसत नाही म्हणून हे चित्र चारही बाजूंनी कापले गेले. ते तुकडे आजतागायत सापडलेले नाहीत. मात्र कापण्याआधी एका चित्रकाराने त्याची छोटी नक्कल केली होती. तिच्या आधारे २०२१ मध्ये संगणकाच्या मदतीने हरवलेला भाग पुन्हा उभा करता आला.

फोनवर दिसले, तर प्रत्यक्ष कोण येईल?

ही भीती नेहमी बोलून दाखवली जाते. पण सारे काही मोफत देऊनही राइक्सम्युझियमला एरवी वर्षाला वीस लाखांहून अधिक लोक भेट देतात. जे कधी पाहिलेलेच नाही, ते पाहण्यासाठी कोणी तिकीट काढून चाळीसगावला उतरणार नाही. आधी ओळख व्हायला हवी.

अडचण कुठे आहे?

एक अडचण खरी आहे. रेम्ब्रांट १६६९ मध्ये गेला. त्याच्या चित्रांवर आता कोणाचा कॉपीराइट नाही. आपल्या कायद्यात कलावंताच्या मृत्यूनंतर साधारण साठ वर्षे हक्क टिकतो. म्हणजे मूस यांच्या कामासाठी हक्कधारकांची संमती घ्यावी लागेल, आणि संग्रह जिवापाड सांभाळणाऱ्यांना बाजूला सारून तर काहीच करता कामा नये. मूळ फिल्म त्यांच्याकडेच राहावी. लोकांना मध्यम आकाराची प्रत मोफत मिळावी आणि व्यावसायिक वापराचे शुल्क संग्रहालयाला जावे, असा मार्ग काढता येतो.

करायचे काय?

राइक्सम्युझियमचे नूतनीकरण दहा वर्षे चालले. इथे तेवढ्या पैशांची गरज नाही. प्रत्येक वस्तूला क्रमांक, प्रत्येक फिल्मचे स्कॅनिंग, खाली मराठीत चार ओळींची माहिती आणि दोन ठिकाणी जपलेली प्रत, एवढ्याने सुरुवात होते. संग्रहालयांच्या नोंदींसाठी पुण्याच्या सी-डॅकने ‘जतन’ ही संगणकप्रणाली तयार केलेली आहे. जिल्हा नियोजन समितीचा निधी, एखाद्या उद्योगाची मदत आणि पाचोरा-चाळीसगावच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे हात यांची सांगड घातली, तर काम पुढे सरकेल. चाळीसगावात घडी बसली की तीच पद्धत धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या जुन्या संस्थांच्या संग्रहांनाही उपयोगी पडेल.

रस्ते, पाणी, कापसाचा भाव हे प्रश्न मोठे आहेतच. पण खराब झालेला रस्ता पुन्हा करता येतो. विरघळलेली फिल्म पुन्हा मिळत नाही. म्हणून पुढच्या उन्हाळ्याआधी निदान फिल्मची मोजणी आणि स्कॅनिंग सुरू व्हावे, ही मागणी पाचोरा-चाळीसगावच्या लोकप्रतिनिधींकडे आपण वाचकांनीच करायला हवी.