नाव कवीचे, कविता कोणाची?

२७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. त्या दिवशी त्यांच्या नाशकात मोबाइलवरील रसिकमंडळांतून त्यांच्या नावे कवितांचा पाऊस पडतो. त्यांतील काही त्यांच्या नसतातच! पु. ल. देशपांडे यांचीही हीच गत. कोणी शंका काढलीच, तर ‘भाव पाहा, नाव काय पाहता?’ असे उत्तर मिळते. हे उत्तर आम्हांस साफ अमान्य आहे. ज्याच्या प्रेमापोटी मंडळ जमले, त्याचाच शब्द ओळखता येऊ नये, हे कसले प्रेम? शिवाय ज्याने ती ओळ खरोखर लिहिली, त्या बिचाऱ्याचे नाव पुसले जाते, ते निराळेच.

घर आणि कचेरी सांभाळून चार क्षण काव्यात रमणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. रोजच्या रगाड्यात असा विसावा हवाच. परंतु ‘विशाखा’ १९४२ सालीच प्रसिद्ध झाली, आणि १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय याच गावात आहे. कविता पुढे धाडण्यापूर्वी एकदा पुस्तक उघडावे. तेवढेही श्रम नको असतील, तर खाली ‘कवी ठाऊक नाही’ असे लिहावे. त्यात कमीपणा नाही. खोट्या नावात मात्र आहे.