मुलगी ‘पर्यावरण’ घेते म्हणते



बारावीचे निकाल लागले की आमच्या पत्रपेटीचा रंगच बदलतो. एरवी लोणच्याला बुरशी का येते, जावेशी कसं वागावं, अशी पत्रं. एकदा का निकाल हातात पडले, की प्रत्येक दुसऱ्या पाकिटात एकच प्रश्न: मुलीला पुढं कशाला घालावी?

सांगलीच्या एका भगिनींनी लिहिलंय: “धाकटी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली. म्हणते, बी.एस्सी.ला पर्यावरणशास्त्र घेणार. तिचे वडील म्हणतात, झाडं लावायला डिग्री कशाला? मामा म्हणतात, केमिस्ट्री घे, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये तरी चिकटशील. सासूबाईंचं म्हणणं, पुण्याला पाठवायची तर आधी स्थळं बघा. २०१९च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, तेव्हापासून हे हिच्या डोक्यात बसलंय. सगळे मला विचारतात, आणि मला काही सांगता येत नाही. काय करू?”

ताई, आधी तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर देऊ, कारण तो पुष्कळ घरांत विचारला जातो. झाडं लावायला डिग्री लागत नाही, हे अगदी खरं. पण हा विषय झाडं लावण्याचा नाहीच. कॉलेजात सगळ्याच शाखांना पर्यावरणाचा एक सक्तीचा पेपर असतो, त्यामुळं हा घोटाळा होतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली पर्यावरणाचं शिक्षण सर्वांना द्या असा आदेश दिला, आणि पुढं विद्यापीठ अनुदान आयोगानं तो पेपर पदवीला लागू केला. त्या पेपराची आणि या पदवीची गल्लत करू नका. एक म्हणजे प्रथमोपचाराची पेटी, दुसरं म्हणजे नर्सिंगचा कोर्स.

मग पदवीत शिकवतात काय? आपल्या कृष्णामाईचंच उदाहरण घेऊ. नदीत मळीमिश्रित पाणी सोडलं आणि मासे मेले, ही बातमी तुम्ही वाचली असेलच. मासे विषानं मेले असं आपण म्हणतो. पण बहुतेकदा घडतं ते वेगळंच. गुळाचं पाणी उघडं राहिलं तर कसं फसफसतं? तसं मळीतल्या गोडावर नदीतले जंतू तुटून पडतात, आणि ते खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवून टाकतात. मासे गुदमरतात. पाण्यात असा किती ‘खाऊ’ आहे, तो पचवायला किती प्राणवायू लागेल, हे मोजायची चाचणी असते. तिला बी.ओ.डी. म्हणतात. नमुना २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवून ती करतात. म्हणजे यात केमिस्ट्री आहे, जीवशास्त्र आहे, थोडं गणितही आहे. मामांना सांगा, लॅब इथंही आहेच.

पण लॅबचा आकडा हातात आला की काम अर्धंच झालं. उरलेलं अर्धं म्हणजे धोरण. तो आकडा कुणाला दाखवायचा? पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ सालचा, हवेचा १९८१चा, आणि भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आलेला पर्यावरण संरक्षण कायदा १९८६चा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ तर १९७० सालीच स्थापन झालं. मोठा प्रकल्प येण्याआधी त्याच्या परिणामांचा अहवाल करावा लागतो, आणि २००६च्या अधिसूचनेप्रमाणे बऱ्याच प्रकल्पांना गावकऱ्यांसमोर जनसुनावणी घ्यावी लागते. तिथं जाडजूड अहवाल टेबलावर असतो. तो वाचून ‘पान अमुकवरचा आकडा चुकलाय’ म्हणणारी आपली एखादी लेक मांडवात असली, तर बघा काय फरक पडतो!

आता तुमच्या घरातल्या पुराकडे येऊ. आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे सांगलीच्या पोरासोरांना पाठ असतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसं गेली. २०२१ला पुन्हा पूर आला. आता साधी गोष्ट विचारा: कोयनेचं धरण केव्हा भरावं? त्याची क्षमता सुमारे १०५ टी.एम.सी. जुलैतच काठोकाठ भरलं, तर ऑगस्टच्या मुसळधार पावसाला जागा राहत नाही, दारं उघडावी लागतात आणि पाणी सांगलीच्या दारात येतं. राखून रिकामं ठेवलं आणि नंतर पावसानं दगा दिला, तर वीज आणि उन्हाळ्याचं पाणी दोन्ही अडचणीत. कोठीत किती धान्य ठेवावं हा हिशेब आपण बायका रोज करतो. हा त्याचाच मोठा भाऊ, फक्त चुकला तर हजारो घरं भिजतात. त्यात हरिपूरला वारणा येऊन मिळते, खाली कर्नाटकात अलमट्टी आहे. चौकाचौकांत यावर भांडणं होतात. ही भांडणं आवाजानं मिटत नाहीत. पाऊस, विसर्ग, नदीपात्रातली बांधकामं यांचे आकडे मांडणारी माणसं लागतात. तुमच्या मुलीच्या डोक्यात बसलंय ते हे, असा आमचा अंदाज. त्याला खूळ म्हणू नका.

आणि पूर म्हणजे सांगलीचं अर्धंच चित्र. याच जिल्ह्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळ पाण्यासाठी आभाळाकडे बघत आले. म्हैसाळ, टेंभू, ताकारी या योजना कृष्णेचं पाणी उचलून तिकडं नेतात. ते कुणाला किती द्यायचं? याचा एक धडा इथंच गिरवला गेलाय. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८०च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतून बळीराजा स्मृती धरण बांधायला घेतलं. नदीतली थोडी वाळू विकून पैसा उभा केला. पाण्याचा नियम असा की हिस्सा जमिनीवर नाही, कुटुंबावर. भूमिहीनांनाही हक्क, आणि पाणी पिणारा ऊस घ्यायचा नाही. कासेगावात राहिलेल्या डॉ. गेल ऑम्वेट यांनी त्याविषयी लिहिलं, डॉ. भारत पाटणकर त्या चळवळीत होते. पाणी मोजणं एक, वाटणं दुसरं. या पदवीत दोन्हींची तोंडओळख होते. म्हणून तिच्यात अर्थशास्त्र आणि कायदा असावाच लागतो.

आता कडू गोळी. नुसत्या या तीन वर्षांच्या पदवीवर लगेच चांगली नोकरी मिळेल, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. प्रयोगशाळा, कारखान्यांचे पर्यावरण विभाग, प्रकल्पांचे अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्या, सामाजिक संस्था, शिकवणं, ही क्षेत्रं आहेत. पण बहुतेक ठिकाणी एम.एस्सी. विचारतात. तेव्हा हा रस्ता पाच वर्षांचा धरूनच पैशांचा हिशेब करा. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, म्हणजे पुढचं शिक्षण घराजवळ होऊ शकतं. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था १९९३ पासून आहे. भारती विद्यापीठाचे संस्थापक डॉ. पतंगराव कदम आपल्याच जिल्ह्यातल्या सोनसळचे. त्या संस्थेची धुरा वाहिलेले डॉ. इराक भरूचा पेशानं सर्जन, आणि पदवीच्या सक्तीच्या पेपराचं पाठ्यपुस्तक त्यांनीच लिहिलं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. मुलीला पुढं भारतीय वनसेवेची परीक्षा द्यावीशी वाटली, तर पदवीला कोणते विषय होते ते बघतात. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूगर्भ, पशुवैद्यक यांतला एक तरी हवा, किंवा शेती, वनशास्त्र, इंजिनिअरिंग यांची पदवी. पर्यावरणशास्त्र हे नाव त्या यादीत नाही! म्हणून आमचा सल्ला सरळ आहे: पर्यावरण जरूर घ्यावं, पण जोडीला केमिस्ट्री, बॉटनी किंवा भूगर्भशास्त्र घट्ट धरून ठेवावं. मामांचंही राहतं आणि मुलीचंही.

फॉर्म भरण्याआधी कॉलेजात स्वतः जा. मुलीला बरोबर घ्या आणि हे विचारा:

१) पदवीपत्रावर विषयाचं नाव नेमकं काय येतं? जोडीचा विषय शेवटपर्यंत ठेवता येतो का?

२) पाणी-माती तपासायची प्रयोगशाळा आहे का? ती उघडून दाखवायला सांगा. बाटल्यांवर धूळ असेल तर समजून घ्या.

३) नदीवर, कारखान्यात, गावात प्रत्यक्ष पाहणीला वर्षातून किती वेळा नेतात?

४) नकाशे आणि उपग्रहचित्रं संगणकावर वाचायला शिकवतात का? हे येणाऱ्याला काम लवकर मिळतं.

५) तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? फीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मुलींच्या शुल्कमाफीची २०२४ची सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. या कोर्सला ती लागते का, ऑफिसात लेखी विचारा.

६) नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चौथं वर्ष तिथंच करता येतं का?

७) मागच्या दोन वर्षांत पास झालेल्या मुली आज काय करतात? दोघींचे फोन मागून घ्या. याचं गुळमुळीत उत्तर आलं, तर दुसरं कॉलेज बघा.

सासूबाईंसाठी एक शब्द. पुण्याची काळजी वाटणं साहजिक आहे. वसतिगृह बघा, ओळखीचं घर शोधा, किंवा आधी सांगली-कोल्हापुरात सोय होते का पाहा. पण स्थळाची आणि शिक्षणाची सांगड घालू नका. शिवाय या विषयात मुलींचा एक फायदा आहे. पाण्याचा प्रश्न विचारायचा तर तो घरातल्या बाईला विचारावा लागतो. हंडा कुठून भरते, पुरात आधी काय वर ठेवलं, नंतर कुठली दुखणी आली, हे ती परक्या पुरुषाला सांगत नाही. पोरीला सांगते.

तेव्हा ताई, तुम्हाला काय सांगता येईल ते असं: “घे, पण केमिस्ट्री सोडायची नाही, आणि एम.एस्सी.पर्यंत दम धरायचा.” एवढ्या दोन अटी तिनं मान्य केल्या, तर फॉर्मवर सही करायला यजमानांच्या हाती पेन तुम्हीच द्या. शेवटची तारीख तेवढी चुकवू नका.