पाहुणे हो, मच्छरदाणी घेऊनच या



पाऊस लागला की पुण्या-मुंबईच्या, नागपूर-चंद्रपूरच्या गाड्या आमच्या गडचिरोलीतल्या भामरागडकडे वळू लागतात. कुणाला हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प पाहायचा असतो, कुणाला कमलापूरचे हत्ती, तर कुणी हौसेने बिनागुंड्याच्या धबधब्यापर्यंत चालत जातो. कॉलेजची शिबिरं येतात, रस्त्याच्या आणि पुलाच्या कामावर मजूर येतात. जरूर या. फक्त आमच्याकडचा ताप बरोबर नेऊ नका, एवढंच मागणं आहे.

राज्यातल्या हिवतापाच्या, म्हणजे मलेरियाच्या, रुग्णांमध्ये गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षं मोठा राहिला आहे. त्यातही इथे फॅल्सिपेरम हा प्रकार जास्त. उपचाराला उशीर झाला तर मेंदूवर जाणारा, जिवावर बेतणारा तो हाच. पाहुणे विचारतात, ‘मग इथले लोक कसे राहतात?’ आम्हालाही ताप येतोच, लेकरं आणि गरोदर बायका तर फार भोगतात. पण लहानपणापासून पुन्हा पुन्हा होऊन मोठ्या माणसाच्या अंगात थोडीफार ताकद आलेली असते. तुमच्या अंगात ती नाही. आणि आमच्याच गावचा पोरगा चार वर्षं पुण्यात शिकून दिवाळीला घरी येतो, तेव्हा त्याच्याही अंगात ती फारशी उरलेली नसते. ‘मी इथलाच, मला काय होतंय’ म्हणत तो अंगणात उघड्यावर खाट टाकतो. त्याच्या आईला आमचं सांगणं आहे, पोराला आधी मच्छरदाणी द्या, मग मटण वाढा.

शहरातल्या माणसाला वाटतं, डास म्हणजे गटार. इथे गटारंच नाहीत, मग भीती कसली? पण हिवतापाचा अ‍ॅनाफिलीस डास गटाराच्या वाटेला सहसा जात नाही. त्याला लागतं स्वच्छ, संथ पाणी: ओढ्याची कड, धानाची बांधी, खडकातलं डबकं. म्हणजे फोटो काढायला तुम्ही जी जागा निवडता, नेमकी तीच. तेव्हा तंबू ओढ्याकाठी ठोकू नका. शाळेच्या, समाजमंदिराच्या खोलीत झोपलेलं बरं.

हा डास दिवसा फारसा चावत नाही. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत त्याचा धंदा. दिवसभर हातापायाला मलम चोळून फिरायचं आणि रात्री शेकोटीभोवती अर्ध्या चड्डीत गाणी म्हणत बसायचं, हे आम्ही दरवर्षी पाहतो. उलटं करा. दिवस मावळला की पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायघोळ पँट, पायात मोजे, आणि उघड्या राहिलेल्या अंगावर मलम. घामाने आणि वेळेने त्याचा असर जातो, म्हणून ते पुन्हा लावावं लागतं. भिंतीत खोचायच्या मशीनवर भिस्त ठेवू नका. पावसाळ्यात इथली वीज कधी जाईल आणि कधी येईल, ते महावितरणलाही सांगता यायचं नाही.

सगळ्यात खात्रीची मच्छरदाणी, जमल्यास औषध लावलेली. ती नुसती टांगून भागत नाही. कड गादीखाली नाहीतर चटईखाली चारी बाजूंनी खोचा. भोक दिसलं तर सुईदोरा घ्या. अंग जाळीला चिकटवून झोपू नका, डास बाहेरूनच काम उरकतो.

‘लस निघाली ना आता?’ असं हल्ली विचारलं जातं. आर-२१ नावाची लस पुण्यातच, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारसही केली. पण ती लहान मुलांसाठी आहे आणि मुख्यतः आफ्रिकेतल्या देशांत दिली जाते. सहलीला निघालेल्या मोठ्या माणसाला तिचा उपयोग नाही. मुक्काम लांबणार असेल तर प्रतिबंधक गोळ्या असतात, त्या निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. गरोदर बाई आणि लहान मूल असेल तर विचारल्याशिवाय काहीच नको. खरं तर गरोदरपणी पावसाळ्यात इकडची सहल टाळलेलीच बरी. गोळ्या घरी परतल्याबरोबर बंद करायच्या नसतात. बहुतेक गोळ्या पुढे चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात. नेमकं इथेच लोक चुकतात.

आता ज्यासाठी हे आवाहन लिहायला बसलो ते. डास चावला की दुसऱ्या दिवशी ताप येत नाही. निदान आठवडा जातो, बहुधा दहा-पंधरा दिवस. तोवर तुम्ही घरी पोचलेले, फोटो टाकून झालेले, ऑफिस सुरू झालेलं. मग एका दुपारी हुडहुडी भरते, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं. शहरातले डॉक्टर डेंग्यू पाहतात, टायफॉइड पाहतात. त्यांचा दोष नाही, तुम्ही कुठे जाऊन आलात हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. फॅल्सिपेरममध्ये असे दोन-तीन दिवस वाया जाणं फार महाग पडतं. मधेच घाम येऊन ताप उतरला म्हणजे बरे झालो, असंही समजू नका. हिवतापाचा दुसरा प्रकार, व्हायवॅक्स, तर यकृतात दडून बसतो आणि कित्येक महिन्यांनीही डोकं वर काढतो. म्हणून त्याच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस, पूर्ण घ्यायच्या.

ठेकेदार मंडळींनाही हात जोडून सांगणं आहे. मजूर आणता तेव्हा ताडपत्रीबरोबर माणशी एक मच्छरदाणीही आणा. कुणी तापाने फणफणत आला असेल तर त्याला आधी आशाताईकडे न्या. बोटाच्या थेंबभर रक्तावर तपासणी होते, पंधरा-वीस मिनिटांत कळतं, पैसा लागत नाही. त्याच्या रक्तातला जंतू इथल्या डासाला मिळाला, तर शेजारच्या टोल्यातली लेकरं आजारी पडतात.

आणि तुम्ही, घरी गेल्यावर ताप आलाच तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि लक्षणं सांगण्याआधी हे वाक्य बोला: ‘डॉक्टर, मी गडचिरोलीच्या जंगलात राहून आलोय, आधी मलेरियासाठी रक्त तपासा.’

आपले,
भामरागड तालुक्यातले काही आरोग्य कार्यकर्ते